चार नंबर

आंजर्ल्याच्या खाडीला लागून चोगल्यांचा बर्फाचा कारखाना.
त्याच्या पाठची खोली मी भाड्यानं घेतली,
कारण तिथं थ्री फेजची लाइन होती
आणि एक भिंत रात्रभर गार.
सहा कार्डं, वलांडीवर बोंबील टांगावेत तशी
लोखंडी अँगलवर ओळीनं.
दिवसा बंद, उकाड्यापायी. रात्री चालू.
आकडे कुटायचे, नाण्याचा चुरा गोळा करायचा.

पाच चालायची. चौथं
रात्री कधीतरी मरायचं.
सकाळी पडद्यावर एकच ओळ: कार्ड बसवरून पडलं.
बारक्या चोगले दारात विडी ओढत म्हणाला,
"कंच्या बशीवरनं? दापोलीच्या?"
मी हसलो नाही.

चारचं कार्ड दोनवर लावलं,
दोनचं चारवर.
पडलं ते चारवरचंच.
म्हणजे कार्ड निर्दोष. बरं वाटलं,
घरचा पोरगा चोरीच्या आळातून सुटावा तसं.
मग रायझर. निळी केबल काढून काळी घातली,
चिपळूणहून मागवलेली. तरी पडलं.
कार्डाचे सोनेरी दात खोडरबरानं घासले,
रबर हिरवं झालं.
खार. इथं पितळी कुलूप दोन वर्षं निघत नाही,
तर सोन्याच्या मुलाम्याचं काय घेऊन बसलात.
क्लॉक उतरवला. मेमरी उतरवली.
ड्रायव्हर पुसून पुन्हा टाकला.
एका रात्री पंख्यात पाल सापडली, मेलेली.
सगळा दोष तिच्यावर घालून
मी शांत झोपलो.

सकाळी पुन्हा तीच ओळ.
पालीची माफी कुणाकडे मागणार.

शेवटी वेळा उतरवायला लागलो,
गणपतीच्या वर्गणीच्या वहीत, मागच्या पानावर:
दोन वीस.
तीन पाच.
तीन बावन्न.
चार एकेचाळीस.

लखमा तांडेल मोबाइल चार्जिंगला लावायला आला,
वही उचलली, चष्मा नसल्यानं हातभर लांब धरली.
"ही तं भरतीची वेल लिवलीस."
मग बोटांच्या पेरांवर
वद्य तृतीया, चतुर्थी, पंचमी, षष्ठी,
तिथीची पाऊणपट,
पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं.
"खाडीचं तोंड गालानं भरलंय.
पानी चढल्याबिगर होडी आत येते कशी?"

होडी आत आली की बर्फ लागतो.
बर्फ लागला की क्रशर.
भिंतीपलीकडे क्रशरची मोटर उठते
तेव्हा माझ्या खोलीतला दिवा क्षणभर मान खाली घालतो,
आणि मी त्या वेळी घोरत असतो.
जुन्या सप्लायच्या शेवटच्या वायरीवर चार नंबर.
तिथवर पोचेपोचेतो करंट दमतो.
कार्डात काही नव्हतं. केबलीत काही नव्हतं.
चंद्र पाणी ओढत होता,
पाणी होड्यांना, होड्या बर्फाला,
आणि मी आठ रात्री
खोडरबर घेऊन बसलेलो.

स्टॅबिलायझर अठरा हजारांना सांगतात.
विजेचं बिल भरून महिन्याला जे उरतं
त्यात पापलेटाची एक पाटी येते,
तीही भाव पडलेला असेल तर.
तेव्हा राहू दे.
पंचांगाचं पान रॅकला सुतळीनं बांधलंय.
वेळ झाली की चार नंबर मीच बंद करतो,
पलीकडे जातो, बारक्याला पाट्या भरू लागतो.
तो आता बसचा विषय काढत नाही,
फक्त फावडं पुढे करतो.

काल सप्तमी होती. सव्वापाच.
शेवटची होडी लागेपर्यंत समोरचा डोंगर दिसायला लागला.
बर्फानं बोटं इतकी बधिर की
स्विच कुठे आहे ते कळेना.
चार चालू करण्याआधी
पाच नंबरच्या पत्र्यावर दोन्ही तळवे ठेवून
थोडा वेळ तसाच उभा राहिलो.